शिळ्या बातमीचे मालक

आमचे घरमालक वर्तमानपत्र तीन दिवस शिळं करून वाचत. घरात पेपर रोज यायचे, एक मराठी आणि एक उर्दू, पण आले की घडी न मोडता ते फडताळात जायचे आणि तीन दिवसांपूर्वीचे बाहेर निघायचे. आंघोळ, पूजा, कपाळाला बुक्का झाला, गळ्यातली तुळशीची माळ सारखी केली, की मालक पाटावर बसत आणि सुनावणी सुरू होई. सोमवारी जे छापलं ते मंगळवारच्या आणि बुधवारच्या पेपरात टिकलं का, ते बघायचं. टिकलं तर समासात तांबड्या पेन्सिलीनं 'दाखल'. नाही टिकलं तर 'खारीज'. हा दुसरा शब्द ते लिहिता लिहिता इतक्या मोठ्यानं म्हणत की वरच्या मजल्यावर चहा गाळताना मला कळे, आज आणखी एक मंत्री कोसळला.

तहसील कचेरीत पेशकार म्हणून त्यांची सारी नोकरी गेली होती. साहेबापुढं कागद ठेवायचे, साक्षीदाराला शपथ द्यायची, जबानी उतरवून घ्यायची. कचेरी सुटली तरी सवय सुटली नव्हती. दूधवाला उशिरा आला तर त्याचीही जबानी व्हायची. शाळा निजामाच्या अमलात झालेली, त्यामुळे अभंग मराठीत आणि शिव्या उर्दूत, अशी त्यांच्या तोंडाची वाटणी होती. एवढे कडक माळकरी, मग उर्दू पेपर कशाला घेता, असं मी एकदा विचारलं.

"दोन्हीकडचं खोटं कळाया पायजे तर दोन्हीकडचं वाचाया पायजे," ते म्हणाले. "एका डोळ्यानं पाह्यलं तर खड्डा किती खोल हाय ते कळत नाय."

मी मूळची वैजापूरची. माझे वडील मालकांच्या हाताखाली कारकून होते, म्हणून तर शहरात गुलमंडीजवळच्या त्या घरात मला माडीवरची खोली मिळाली. नाहीतर एकटी मुलगी, त्यातून पेपरात नोकरी, म्हणजे मालकांच्या लेखी दुहेरी गुन्हा. अटी भरपूर होत्या. दिवेलागणीच्या आत घरी. माडीवर कांदा-लसूण नाही. सिनेमाची मासिकं नाहीत. पैकी कांद्याची भजी मी पेपरच्या कचेरीत खाऊन यायचे आणि बडीशेप चावत जिना चढायचे. माईंना, म्हणजे मालकीणबाईंना, ते माहीत होतं. त्या नुसत्या हसायच्या.

मालक मला 'अखबारवाली' म्हणत. "या, अखबारवाली. आज काय गढूळ केलं?"

त्यांचं म्हणणं असं, की ताजी बातमी म्हणजे आडाचं ढवळलेलं पाणी. खाली बसू द्यावं, मग प्यावं. मला त्या माणसाचा भयंकर राग यायचा, आणि त्यांच्याशी भांडल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखाही वाटायचा नाही.

गल्लीच्या तोंडाशी मारुतीचं देऊळ होतं. त्याच्या भिंतीला खुंटीवर एक लाकडी फळा टांगलेला असे, आणि तो फळा म्हणजे मालकांचं वर्तमानपत्र. रोज सकाळी अनवाणी जाऊन ते त्यावर तिथी, वार आणि 'दाखल' झालेल्या बातम्या लिहीत. अक्षर छापल्यासारखं. गल्लीतली निम्मी माणसं पेपर घेतच नसत. फळ्यावर आलं की खरं, अशी त्यांची खात्री होती. आमच्या संपादकांना सगळ्या शहरात मिळाला नसेल एवढा विश्वास मालकांना त्या एका गल्लीत मिळत होता, आणि त्याचा मला हेवा वाटे.

राजकारणावर त्यांचं बोलणं ऐकायला मी मुद्दाम जिन्यावर बसायचे. एकदा एक उमेदवार भगवा गमछा घालून, प्रसादाची पुडी घेऊन दारात आला. धर्म संकटात आहे, म्हणाला. मालकांनी प्रसाद कपाळाला लावला, खाल्ला आणि म्हणाले, "धर्म महा हाय, तो मी सांभाळतो. तुमी गल्लीतली नाली सांभाळा." चार दिवसांनी विरोधातला आला. तो म्हणाला, आता देवधर्माच्या जुन्या गोष्टी सोडा. मालकांनी त्यालाही पाणी दिलं आणि विचारलं, "मंग गल्लीत शिरताना मारुतीला नारळ कामून फोडला?" तोही नालीकडं बघत गेला.

मताच्या दिवशी मात्र ते पूजेला जावं तसे जात. धुतलेलं धोतर, पायात काही नाही, तोंडात पाण्याचा थेंब नाही. मतपेटीला हात जोडून परत येत. मत कोणाला दिलं ते माईंनासुद्धा कधी कळलं नाही, आणि माई दर वेळी विचारत.

गल्लीत पहिला टीव्ही आला तेव्हा बायका देवाची मालिका बघायला आंघोळ करून, उदबत्ती घेऊन शेजारी जायला लागल्या. मालक एकदाच गेले आणि तोंड वाकडं करून आले. "आरतीच्या मधी कोणी साबण इकतं का?" जाहिरातीला ते जे रागावले ते कायमचे.

आणि एकादशी. त्या दिवशी अन्नाचा उपास, तसा बातमीचाही उपास. रेडिओ बंद, फडताळ बंद, फळ्यावर एकच ओळ: 'आज एकादशी. बातमी नाही.' एका वर्षी विधानसभेची मतमोजणी नेमकी एकादशीला आली. आमच्या कचेरीत नुसती धांदल उडालेली. मी दुपारी धावत घरी आले ते केवळ त्यांची गंमत बघायला. मालक देवघरात कानात कापसाचे बोळे घालून बसले होते आणि जपाची माळ चाक फिरवावं तशी फिरवत होते. बाहेर फटाके वाजले. एक बोळा हळूच निघाला.

"औरंगपुऱ्याकडून वाजले का पैठण गेटाकडून?" त्यांनी माईंना विचारलं.

"मला काय ठावं? तुमचा उपास हाय न्हवं?"

"फटाक्याचा आवाज ही बातमी नाय. तो आवाज हाय."

संध्याकाळपर्यंत त्यांनी नुसत्या आवाजाच्या दिशेवरून निकाल लावला होता, आणि तो बरोबर निघाला. दुसऱ्या दिवशी उपास सोडताना त्यांनी आधी पेपर हातात घेतला, मग घास. तीन दिवसांचा नियम कुठं गेला, असं मी टोचलं. "मतमोजणी ही बातमी नाय, ते गणित हाय," ते म्हणाले, आणि इतके खूश होते की मला एक लाडू जास्त मिळाला.

हा तीन दिवसांचा नियम कुठून आला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. पोलीस ॲक्शनच्या वेळी ते विशीत होते, बिडकीनला, शेतावर. फौज आली म्हणे, फौज हटली म्हणे, आज रझाकार येणार म्हणे, अशी रोज नवी अफवा. एका अफवेवर सगळं घर रात्रीतून रानात पळालं. कोणीच आलं नाही. तीन दिवसांनी परतले तेव्हा गोठ्यात बांधलेली गाय पाण्यावाचून मेलेली होती. दावं सोडायचं कोणाला सुचलं नव्हतं.

"खोट्या बातमीनं मह्या हातून गोहत्या झाली," ते म्हणाले. "तवापासून मी थांबतो." त्या दिवशी मी भांडले नाही.

आता मी काय केलं ते सांगते.

कचेरीत माझ्याकडं जिल्ह्याचं पान होतं. गावोगावच्या वार्ताहरांची पत्रं यायची, ती सारखी करून लावायची. एका शनिवारी करमाडच्या बाजूच्या एका खेड्यातून पत्र आलं. महादेवाच्या देवळातला चांदीचा मुखवटा जागेवर नाही. म्हातारा गुरव पहाटे बोचकं घेऊन गावाबाहेर पडताना दिसला. कुठं चाललात विचारलं तर तोंड उघडायला तयार नाही. मुखवटा विकल्याचा संशय आहे. एवढंच पत्र. मी त्यातला संशय काढून टाकला आणि मथळा दिला: 'गुरवानेच देव विकला'. संपादकांनी ते वाचलं आणि बातमी उचलून पहिल्या पानावर नेली. माझी पहिली पहिल्या पानाची बातमी. त्या रात्री मला झोप लागली नाही. पेपरवाल्या पोऱ्याची सायकल ऐकू आली तशी मी जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले आणि पेपर हातात घेऊन मालकांपुढं उभी राहिले. ते खडू घेऊन देवळाकडं निघाले होते.

"मालक, हे वाचाच. माझी बातमी आहे."

"बुधवारी वाचीन."

"मालक, देव विकलाय गुरवानं. तुम्ही बुधवारपर्यंत थांबणार?"

त्यांचा चेहरा बदलला. देवाच्या अंगावरची चांदी विकली, हे ऐकून कुठल्याही माळकऱ्याचं रक्त उकळावं तसं त्यांचं उकळलं. पण सवय जबर होती. त्यांनी माझ्याकडं रोखून बघितलं.

"तू डोळ्यांनी पाह्यलं?"

मी उत्साहानं नुसती फुलले होते. वाटलं, आता नाही म्हटलं तर हा माणूस पुन्हा तीन दिवस थांबेल आणि तोवर माझी बातमी मरून जाईल.

"हो," मी म्हणाले.

मालकांनी पहिल्यांदाच नियम मोडला. मोठ्या अक्षरात, सगळा फळा भरून लिहिलं. मी शेजारी उभी होते आणि मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

त्या गुरवाची लेक आमच्याच गल्लीच्या मागं दिलेली होती, हे मला ठाऊक नव्हतं. रोज सकाळी बेल आणि फुलं घेऊन आमच्या दारात येणारी, माझ्याहून दोन-चार वर्षांनीच मोठी असलेली बाई, तीच ती. तिला वाचता येत नव्हतं. फळ्यापुढची गर्दी वाचत होती, तिनं ऐकलं. ती तशीच आमच्या दारात आली.

"मालक, महा बाप चोर नाय."

"बाई, पाह्यलेलं हाय ते," मालक म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडं बोट केलं.

"तीन दिस थांबा. तुमी तर थांबता. थांबा म्हून कामून म्हणते, ते मला सांगता येत नाय."

ती माझ्याकडं बघत होती. मी जिन्याचा कठडा धरून उभी राहिले आणि काही बोलले नाही. आजही मला स्वतःची लाज वाटते ती त्या गप्प राहण्याची.

तिनं का सांगितलं नाही ते गुरुवारी कळलं. त्या गावात रीत अशी, की यात्रेआधी देवाचा मुखवटा शहरात सोनाराकडं उजळायला न्यायचा. पण देव गावातून हलला हे बोलायचं नाही. गुरवानं तो घोंगडीत झाकून न्यायचा, सोनारापाशी बसून राहायचं, आणि देव पुन्हा जागेवर बसेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. घरच्यांनीही त्याविषयी बोलायचं नाही. गावातल्या जुन्या माणसांना ते माहीत, म्हणून तीही गप्प. वार्ताहर बाहेरगावचा.

बुधवारी म्हातारा देव घेऊन परतत होता. करमाडला बसमधून उतरून चालत निघाला, तर पेपर वाचलेल्या शेजारगावच्या पोरांनी त्याला रस्त्यात धरलं. कुठं विकलास विचारलं. तो बोलला नाही. त्यांनी मारलं, तरी बोलला नाही. बोचकं हिसकलं, सोडलं, आणि मुखवटा डांबरी रस्त्यावर पडला, उजळलेला, सोनाराच्या चिठ्ठीसकट. पोरं पळाली. म्हाताऱ्यानं तो उचलला, तशाच रक्तानं देवळापर्यंत गेला, देव बसवला, आणि मग पाणी मागितलं. लेकीनं हे सगळं दुसऱ्या सकाळी आमच्या दारात उभ्या उभ्या सांगितलं. रडली नाही. टोपली खाली ठेवली आणि निघून गेली.

मालकांनी मला समोर बसवलं. साक्षीदाराला बसवावं तसंच.

"जबानी द्या," ते म्हणाले. मला त्यांनी कधी 'द्या' म्हटलं नव्हतं.

"मी पाहिलं नव्हतं," मी म्हणाले.

 ते उठले आणि फळा पुसून आले. शुक्रवारी आमच्या पेपरात आतल्या पानावर, जाहिरातींच्या मधे, बोटभर खुलासा आला. मालकांनी त्याच दिवशी तो वाचला, शिळा न करता.

"चोर म्हणताना हातभर अक्षर, आन् नाय म्हणताना मुंगीएवढं," ते म्हणाले. "उद्या गावाला जायचं. तू बी."

माई मधे पडल्या, कारण मी त्याच दिवशी बाजूला बसले होते. त्या घरात चार दिवस माझा हात पाण्याला, पाटाला, मालकांच्या पेपरांनासुद्धा लागायचा नाही. चार दिवस थांबा, माई म्हणाल्या.

"त्या माणसाचं नाव तिकडं उघड्यावर पडलंय. ती देवळाभायेर उभी राह्यल," मालक म्हणाले. सगळा जन्म थांबण्यात घातलेला माणूस एक दिवसही थांबायला तयार नव्हता.

सकाळी त्यांनी देवळाच्या खुंटीवरून फळाच काढला आणि खांद्यावर घेऊन स्टँडवर आले. गल्ली मागं बघत राहिली. कंडक्टरनं विचारलं, हे काय. "फळा हाय. याच्यावर खोटं लिहिलं गेलं. जिथलं खोटं हाय तिथं न्यायचंय," मालकांनी सांगितलं. कंडक्टरनं निमूटपणे सामानाचं तिकीट फाडलं आणि फळा टपावर चढला. मी पलीकडच्या बाकावर अंग चोरून बसले.

"मी नोकरी सोडते, मालक," मी म्हणाले.

"सोड नाय तर धर. आधी घाण केली ती काढ."

गुरव देवळाच्या पायरीवर बसला होता. वाळलेला माणूस, कपाळाला फडकं बांधलेलं. मालकांनी फळा ओट्याला टेकवला आणि छापल्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'या गावच्या गुरवावर चोरीचा आळ मी लिहिला. न पाहता लिहिला. अपराध माझा.' माझा उल्लेख नव्हता. गाव जमलं. मालकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि गुरवापुढं हात जोडले.

माझ्यानं राहवलं नाही. "मी पाहिलं म्हणून यांना खोटं सांगितलं," मी सगळ्यांदेखत म्हणाले. "पेपरातलंही मीच लिहिलं. मालकांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, एवढीच त्यांची चूक."

म्हाताऱ्यानं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग फळ्याकडं.

"पुसा ते," तो म्हणाला.

"कामून?" मालक गोंधळले.

"त्याच्यात मही जात हाय आन् चोरी हाय. जो वाचल तो म्हनल, काईतरी आसंल. देवाच्या दारात त्या दोन गोष्टी एका फळ्यावर नका ठिवू."

 मालकांनी उपरण्यानं फळा पुसला, कोपऱ्याकोपऱ्यांतून, आणि विचारलं, "मंग काय लिहू?"

"देव आला, म्हून लिहा. पर तुमी नगं. या पोरीला लिहू द्या." आणि मला म्हणाला, "पोरी, आधी आत जाऊन बघ. मंग लिही."

मी जागची हलले नाही. "बाबा, मला आज आत येता येत नाही."

बायकांना कळलं. एक-दोघी मागं सरकल्या. मालक जमिनीकडं बघत होते.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला आणि गाभाऱ्यात गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या दोन्ही हातांवर तांबडं फडकं होतं आणि फडक्यावर तो मुखवटा. तो उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला.

"गुरव, आवो काय करता, बाट व्हईल," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"बाटायचा आसता तर त्या दिशी रस्त्यावरच बाटला आसता," गुरव म्हणाला. "बघू द्या तिला."

मी बघितलं. चांदी लखलखत होती. डाव्या गालावर एक पोचा होता, ताजा, रस्त्यावर पडल्याचा. तो पोचा मी नीट बघितला. मालकांनी माझ्याकडं बघितलं, मग देवाकडं.  ते वाकले, फळा उचलला आणि माझ्यापुढं छातीशी धरून उभे राहिले, आणि एका हातानं खडू माझ्या हातात दिला. माझा हात त्यांच्या हाताला लागला, तरी त्यांनी आपला मागं घेतला नाही.

मी लिहिलं. दोनच शब्द होते. पुढं मी पुष्कळ वर्षं पेपरात काढली, मोठमोठे मथळे दिले, पण एवढा वेळ मला कुठल्याच मथळ्याला लागला नाही.